दीडपट स्पीडचा 'कोर्ट'

हल्ली टीव्ही बघतो कोण हो? आपण तो फक्त लावतो. समोर एपिसोड चालू, हातात मोबाईल, आणि मधेच शेजारच्याला विचारायचं, "हा कोण? मगाशी होता का?" मग दहा सेकंद मागे. मग परत व्हॉट्सॅप.

यावरचं ठरलेलं उत्तर म्हणजे आपला अटेन्शन स्पॅन गोल्डफिशपेक्षाही कमी झालाय. माणूस ८ सेकंद, मासा ९! २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या एका मार्केटिंग अहवालात हे आलं आणि तिथून जगभरच्या पॉवरपॉइंटमध्ये शिरलं. त्यामागे धड संशोधन काही नाही. (माशाला कुणी विचारलं?) ग्लोरिया मार्क या कॅलिफोर्नियातल्या प्राध्यापक बाईंनी मात्र खरंच मोजलंय. २००४ मध्ये कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा, अलीकडे ४७ सेकंद. आणि उड्या जितक्या जास्त तितका ताणही जास्त, असं त्यांना दिसलं.

आता हाच मेंदू रात्री नऊला सोफ्यावर येऊन बसतो. पण त्याचं लक्ष संपलंय हे काही मला पटत नाही. आयपीएलची मॅच साडेतीन तास बघतोच की आपण! संपलेली असते ती ठरवायची ताकद. दिवसभर कॉल, रिव्ह्यू, प्रॉडक्शनची बोंब, आणि घरी आल्यावर तीनशे पोस्टरमधून एक निवडा. म्हणजे अजून एक तिकीट असाइन झालं! मग अर्धा तास मेनू चाळून आपण पाचव्यांदा 'साराभाई'च लावतो. यात मला काहीच गैर वाटत नाही. थकलेल्या माणसाने ओळखीचंच बघावं. आपल्या आया भाजी निवडता निवडता मालिका बघायच्याच, आणि मालिकाही हे ओळखून होत्या. एका धक्क्यावर सगळ्या घरादाराचे चेहरे तीन-तीनदा दाखवायचे, कुकरची शिट्टी झाली म्हणून काही चुकायला नको!

माझं भांडण आहे ते स्पीडच्या बटणाशी. नेटफ्लिक्सने २०२० मध्ये अँड्रॉइडवर दीडपट वेगाची सोय दिली. ट्यूटोरियल दुपटीने बघा, माझी ना नाही, मीही बघतो. पण चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' घ्या. ११६ मिनिटांचा सिनेमा, दीडपट केला की ७७. एका लोकशाहिराला खटल्यात अडकवलंय आणि पुढची तारीख, पुढची तारीख चाललंय. कॅमेरा हलत नाही. सरकारी वकील बाई लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात. शेवटाकडे कोर्टरूम रिकामी होते, एकेक दिवा बंद होतो, आणि आपण अंधाराकडे बघत बसतो. तिथे जी चुळबूळ होते ना, तोच तर सिनेमा आहे. त्या माणसाची वर्षं अशीच चाललीयेत. ते तुम्ही पळवलंत तर हातात फक्त 'स्टोरी' उरते, आणि ती विकिपीडियावर चार ओळींत मिळते. बरं, वाचलेल्या ३९ मिनिटांचं काय करतो आपण? रील्स!

असो. आमच्याकडे हल्ली शनिवारी रात्री दोघांचेही फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लागतात. पहिला अर्धा तास वाईट जातो, हात आपोआप खिशाकडे जातो. मग हळूहळू माणूस सैलावतो. एकमेकांशी बोलणंही होतं, "हा कोण?" सोडून.

पुढच्या शनिवारी त्याच ताम्हाणेचा 'द डिसायपल'. त्यात गाणं शिकणारा नायक रात्री मुंबईच्या रस्त्यांवर बाईक चालवत आपल्या गुरूंच्या गुरूंची व्याख्यानं ऐकत असतो, तेही स्लो मोशनमध्ये. दीडपट वेगाने बघितलं तर तो नुसता ऑफिसातून घरी निघालेला माणूस वाटेल :-)