नांगराचा भरवसा

पुण्याच्या एका वाचक भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या धाकट्या जाऊबाईंचा मुलगा न्यूझीलंडांत ऑकलंड येथें नोकरीस असतो. त्यानें दोन मित्रांसह भागींत एक शिडाची नौका विकत घेतली असून, येत्या नाताळच्या सुटींत ते तिघे तीन आठवडे किनाऱ्याकिनाऱ्यानें फिरणार आहेत. रात्रीं एखाद्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकावयाचा व नौकेंतच निजावयाचें, असा त्यांचा बेत. "घरांत कोणालाच समुद्राचें ज्ञान नाहीं," असें बाई लिहितात, "सासूबाई तर आतांपासूनच सांजवात लावतांना त्याचें नांव घेतात. भर समुद्रांत तुफान झालें तर काय, ह्या विचारानें आम्हां सर्वांनाच झोंप येत नाहीं. त्याला काय विचारावें आणि काय बजावावें, हें आपल्या सदरांतून सांगितल्यास उपकार होतील."

सासूबाईंची भीति खोटी नव्हे. पण ती थोडी चुकीच्या ठिकाणीं बसली आहे, असें आम्हांस वाटतें. भर समुद्रांत नौकेला आपटावयाला कांहीं नसतें. मजबूत बांधणीची, शिडें वेळेवर कमी केलेली नौका खोल पाण्यांत पुष्कळ सोसते. तिचा घात होतो तो बहुधा जमिनीजवळ. आणि त्यांतहि शिडें गुंडाळून ठेवलेलीं आहेत, मंडळी जेवून निजली आहेत, आणि सर्वांचा जीव एका लोखंडी आंकड्याच्या हवालीं केलेला आहे, अशा वेळीं.

ह्याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. बर्नार म्वातेसिये हे फ्रेंच नाविक १९२५ सालीं हनोई येथें जन्मले. १९६८ सालीं इंग्लंडांतून एकट्यानें, कोठेंहि न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची जी शर्यत निघाली, तींत ते आपली 'जोशुआ' नांवाची पोलादी नौका घेऊन उतरले होते. (ती शर्यत जिंकणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ह्यांची 'सुहेली' ही सागवानी नौका आपल्या मुंबईस बांधलेली होती, हें जातां जातां सांगावयास हरकत नाहीं.) म्वातेसिये हॉर्न भूशिराला वळसा घालून आले आणि मग, शर्यतीचा व बक्षिसाचा नाद सोडून, पुन्हां पूर्वेकडेच वळले. सुमारें दहा महिने जमिनीला पाय न लावतां, पृथ्वीला जवळजवळ दीड फेरा घालून, ते १९६९ सालीं ताहिती बेटास पोहोंचले. दक्षिण महासागराच्या लाटा ज्यांनीं पाहिल्या नाहींत त्यांना त्या दहा महिन्यांची कल्पना येणें कठीण.

तीच 'जोशुआ' १९८२ सालच्या डिसेंबरांत मेक्सिकोंतील काबो सान लुकास येथें, हॉटेलांचे दिवे दिसतील इतक्या जवळ, नांगरावर उभी असतां गेली. तेथील उपसागर दक्षिणेला व पूर्वेला समुद्राकडे मोकळा आहे. आणि तळ किनाऱ्यापासून लवकरच खोल दरींत उतरत असल्यामुळें नौकांना वाळवंटाच्या अगदीं जवळ, दाटीवाटीनें उभें राहावें लागतें. हवा चांगली असते तोंवर स्थान मोठें रमणीय! कित्येकींनीं तर शेजारणीवर जाऊन आदळूं नये म्हणून पुढें एक व मागें एक असे दोन नांगर टाकून स्वतःला जखडून घेतलें होतें. डिसेंबरच्या ८ तारखेच्या सुमारास रात्रीं वारा समुद्राकडून, आग्नेयेचा सुटला. जो किनारा आतांपर्यंत पाठराखण करीत होता, तोच वाऱ्याखालीं आला. एकीचा नांगर सुटला, ती दुसरीवर गेली, दोघी मिळून तिसरीवर. पाण्यांत तरंगणारे दोर पंख्यांत गुंतून इंजिनें बंद पडलीं. पंचवीसांहून अधिक नौका त्या रात्रीं वाळूवर गेल्या. 'जोशुआ'चा नांगर लहान नव्हता आणि नाविक तर जगांतल्या पहिल्या प्रतीचा. पण निसटलेल्या नौका तिच्यावर येऊन पडल्या, आणि तीहि गेली. ज्यांनीं संध्याकाळींच लाटांचें लक्षण ओळखून नांगर उचलला व खोल समुद्र गांठला, ते वांचले.

म्हणून त्या मुलास पहिला प्रश्न विचारावयाचा तो नांगराविषयीं नव्हेच. वारा फिरला तर ही जागा कशी दिसेल, हें त्यानें नांगर टाकण्यापूर्वीं पाहिलें आहे काय, आणि अंधारांत बाहेर पडण्याची वाट दिवसां उजेडीं लिहून ठेवली आहे काय, हा तो प्रश्न. कोंकणांतल्या लोकांना हें उपजतच ठाऊक असतें. आठ महिने ज्या बंदरांत मचवे सुखानें डोलतात, तेथें ज्येष्ठ-आषाढांत एकहि ठेवीत नाहींत. सारे खाडींत आंत नेतात, नाहीं तर ओढून वर घेतात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला नमस्कार. बंदर तेंच, वारा बदलला.

आतां नांगराकडे वळूं. आपल्या भाषेंत शेतकऱ्याच्या आणि खलाशाच्या अवजाराला एकच नांव आहे, ह्याचें आम्हांस लहानपणापासून नवल वाटे. इंग्रजींत हे दोन शब्द अगदीं निराळे. पण १९३३ सालीं केंब्रिजचे सुप्रसिद्ध पदार्थवैज्ञानिक जेफ्री इन्ग्रम टेलर ह्यांनीं जहाजाच्या नांगराला चक्क शेताच्या नांगराचा फाळ लावला, आणि आमच्या मराठीचें म्हणणें खरें करून दाखविलें. टेलर हे तर्कशास्त्रज्ञ जॉर्ज बूल ह्यांचे दौहित्र. त्यांची आजी मेरी ही, ज्यांचें नांव हिमालयाच्या शिखराला मिळालें त्या सर जॉर्ज एव्हरेस्ट ह्यांची पुतणी. ते स्वतः शिडाच्या नौकेंतून हिंडणारे असल्यामुळें जुना दोन आंकड्यांचा जड नांगर ओढून वर घेण्याचे कष्ट त्यांनीं भोगलेले होते. त्यांनीं विचार केला तो असा: नांगर वजनानें थोडाच धरतो? तो मातींत किती खोल शिरतो व किती माती अडवितो, ह्यावर त्याची पकड. मग ओढला असतां वर न येतां अधिकाधिक खालीं जाईल असाच आकार त्याला कां देऊं नये? त्यांनीं फाळाला बिजागरी ठेवली, म्हणजे वाऱ्याबरोबर नौका थोडी इकडे तिकडे वळली तरी रुतलेला फाळ उपटूं नये. 'सीक्यूआर' ह्या नांवानें तो जगभर गेला. ह्या तीन अक्षरांचा इंग्रजी उच्चार जलद केला असतां 'सुरक्षित' ह्या अर्थाचा शब्द ऐकूं येतो. पुढें १९३९ सालीं अमेरिकेंत डॅन्फर्थ ह्यांचा रुंद, चपट्या पात्यांचा नांगर आला, आणि अलीकडे तर खोलगट पात्याचे व वर कमान असलेले कित्येक नमुने निघाले आहेत, ते टेलरांच्या नांगराहूनहि लवकर रुततात. मुलानें कोणता घेतला आहे हें विचारावें खरें, पण त्यावरून फार भांडूं नये. वाळूंत व घट्ट चिखलांत ह्यांतला कोणताहि बरा धरतो. गवताळ तळावर सारेच फसवितात, आणि नुसत्या सपाट खडकावर कोणाचेंहि कांहीं चालत नाहीं.

खरी चूक होते ती साखळींत. नांगर धरतो तो त्याला आडवें ओढलें तर; वर ओढलें कीं निघतो, कारण आपण तो उचलतों तेव्हां हेंच करतों. साखळी भरपूर लांब सोडली म्हणजे तिचा बराच भाग तळावर पडून राहतो व ओढ आडवी लागते. वारा जोराचा झाला कीं तीच साखळी ताणून सरळ होऊं लागते, मग केवळ लांबीच उपयोगी पडते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. सर्वसाधारण नियम असा कीं, सारी साखळीच असेल तर खोलीच्या निदान पांचपट सोडावी. दोर असेल तर सातपट किंवा अधिक.

पण कोणत्या खोलीच्या? येथें शिकलेसवरलेले लोकहि फसतात. ऑकलंडास भरती-ओहोटींत मोठ्या भरतीला सुमारें तीन मीटरांचा फरक पडतो. (मुंबईस उधाणाला चारांहून अधिक!) समजा, ही मंडळी ओहोटीच्या वेळीं तीन मीटर पाण्यांत जाऊन उभी राहिली. नौकेची नाळ, म्हणजे पुढलें तोंड, पाण्यापासून एक मीटर उंच. साखळी तेथून खालीं उतरते, तेव्हां तेंहि धरावयास हवें. मिळून चार मीटर, आणि पांचपट म्हणजे वीस. वीस मीटर साखळी सोडून मंडळी समाधानानें जेवावयास बसतात. सहा तासांनीं, मध्यरात्रीं, पाणी सहा मीटर झालेलें असतें, नाळेसुद्धां सात. वीस मीटर आतां तिपटीहूनहि कमी पडली. नेमका त्याच वेळीं वारा वाढला तर नांगर निघाला म्हणून त्याला दोष काय द्यावा? सोडावयाची होती पस्तीस मीटर. हा त्रैराशिकाचा हिशेब घरांतला मॅट्रिकचा मुलगाहि करील. पण दमलेल्या, भुकेलेल्या माणसाला संध्याकाळीं तो सुचत नाहीं, ही अडचण. शिवाय पस्तीस मीटर साखळीवर उभी असलेली नौका वारा फिरला कीं तेवढ्याच त्रिज्येचें वर्तुळ काढते. त्या वर्तुळांत खडक नाहीं ना, दुसऱ्याची नौका नाहीं ना, हें आधींच पाहावें लागतें. दुसरा दोरावर उभा असेल तर त्याचें वर्तुळ निराळें.

नांगर टाकण्याची रीत थोडक्यांत अशी. शिडें उतरवून नौकेचें तोंड वाऱ्याकडे करावें व ती स्थिर होऊं द्यावी. मग नांगर हळू खालीं सोडावा. सिनेमांत दाखवितात तसा भिरकावूं नये, आणि साखळीचा ढीगहि त्याच्या डोक्यावर घालूं नये. नौका वाऱ्यानें मागें सरूं लागली कीं तशी तशी साखळी द्यावी. पुरेशी दिली म्हणजे ती अडकवून इंजिन मागें चालवावें, आधीं सावकाश, नंतर जोरानें, आणि नांगर बसला कीं नाहीं हें तपासावें.

तें तपासतात कसें, हें आम्ही पुस्तकांतून शिकलों नाहीं. आमच्या लहानपणीं एकदां दाभोळच्या खाडींत मचव्यांतून जात असतां अवकाळी वावटळ आली आणि तांडेलानें नांगर टाकला. आम्ही मुलें आनंदानें ओरडलों. तांडेल मात्र वाकून नांगराच्या दोरावर हात ठेवून बसला होता, वैद्य नाडी पाहतो तसा. "अजून चाललाय," तो म्हणाला, आणि खलाशानें आणखी दोर सोडला. थोड्या वेळानें त्यानें आमचा हात धरून दोरावर ठेवला. पहिल्यानें कांहीं कळेना. मग एक बारीक, खडबडीत थरथर लागली, जशी दगडावरून घमेलें ओढतांना हाताला लागते. पुन्हां दोर सोडला. थरथर थांबली, आणि दोर नुसता ताणे व सैल पडे. "आतां बसला," असें म्हणून तांडेलानें किनाऱ्यावरचा एक माड व त्यामागच्या देवळाचा कळस एका ओळींत आहेत हें आम्हांस दाखविलें, आणि ती ओळ मोडली तर हांक मारावयास सांगून तो विडी ओढीत बसला. त्या दिवशीं आम्ही तासभर त्या माडावरून नजर काढली नाहीं.

आज ह्या कामाला उपग्रहांवर चालणारें यंत्र असतें, व नौका ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेली कीं तें घंटा वाजवितें. तें अवश्य ठेवावें. पण नौका सरकूं लागल्यावरच तें बोलतें, साखळीवरचा हात त्याआधीं सांगतो. वादळी रात्रीं तिघांनीं पाळीपाळीनें जागावें, असें आजीच्या नांवानें बजावल्यास आमची हरकत नाहीं. नांगरावरच्या नौकेनें रात्रीं चोहोंकडून दिसणारा एक पांढरा दिवा लावावयाचा असतो, हेंहि त्याच पत्रांत घालावें. सासूबाईंना ही दिव्याची गोष्ट पटेल.

शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण तो विसरूं नये: साखळीचें आंतलें टोंक नौकेला कशानें बांधलें आहे? कित्येक जण तें लोखंडी कडींत पक्कें अडकवून ठेवतात, कांहीं तर मुळींच बांधीत नाहींत! तें मजबूत दोरानें बांधलेलें असावें, आणि दोर इतका लांब कीं साखळी संपली असतां तो वर, हाताशीं यावा. काबोसारख्या रात्रीं साखळी ओढून घेण्यास सवड नसते. नांगर व साखळी मिळून कितीहि किंमतीचीं असलीं तरी तो दोर सुरीनें कापून समुद्राकडे निघतां आलें पाहिजे. सुरी नाळेजवळच, नेहमींच्या जागीं बांधून ठेवलेली आहे काय, हेंहि विचारावें.

'जोशुआ'चें पुढें काय झालें, असें कोणी विचारील. डोलकाठ्या मोडलेली, वाळूनें भरलेली ती नौका म्वातेसिये ह्यांनीं जवळजवळ फुकट दुसऱ्यांच्या स्वाधीन केली. पोलादी म्हणून ती टिकली, दुरुस्त झाली, आणि आज फ्रान्सांतील ला रोशेल येथल्या नौकासंग्रहालयाची आहे. १९९३ सालीं तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. म्वातेसिये १९९४ सालीं वारले.

ह्या भगिनींनीं नौकेवरच्या स्वयंपाकाविषयींहि विचारलें आहे. तें पुढील अंकीं.