खेळातली सावड

मैत्रिणींनो, आमचं मालेगाव वाशीम जिल्ह्यातलं, नाशिककडचं नव्हे. इथं परवा आमच्या धाकट्या नणंदबाई जेवायला बसल्या त्या गाल फुगवूनच. आठवडाभर रात्री जागून त्यांनी अमरावतीला शिकणाऱ्या भावाला ‘एल्डन रिंग’ या व्हिडिओ गेममध्ये मदत केली. राक्षस मेला, भाऊजी पुढं गेले. यांच्या खेळात मात्र तोच राक्षस जिवंत!

म्हटलं, आधी नियम तरी समजून घेऊ. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचा हा खेळ २०२२ सालचा. यात प्रत्येकाचं राज्य वेगळं. मदतीला जाणाऱ्यानं जमिनीवर सोनेरी खूण ठेवायची, यजमानानं ती पाहून बोलवायचं. पाहुणे फार तर दोन. दोघांनी परवलीचा शब्द एकच ठेवला की एकमेकांची खूण सापडते. यजमान मेला की पाहुणे परत. राक्षस मेला तरी परत! पाहुण्याला ‘रून’ नावाचं धन मिळतं, पण विजयाची नोंद यजमानाच्याच घरी.

म्हणजे ही आपली सावडच की! शेजारणीकडे पापड लाटले तर ते तिच्याच डब्यात राहणार. आपला डबा भरायचा तर तिनंही यायला हवं. मी भाऊजींना फोन करून एवढंच सांगितलं. त्या रात्री ते पाहुणे झाले.

तुमच्याकडे असं जोडीनं खेळणारं कुणी असेल, तर पाळी आधीच ठरवून द्या. आणि ऐन लढाईत जेवायला हाक मारू नका. हा खेळ मध्येच थांबवता येत नाही. दहा मिनिटं आधी सांगावं, म्हणजे पोळीही गरम राहते अन् डोकंही थंड.