खोकं शाबूत, आवाज गायब

मोठ्या शहरांतल्या सजावटीच्या दुकानांत अलीकडे एक वस्तू हमखास दिसते. सागवानी पेटी, पुढे विणलेलं जाळीदार कापड, पितळी कडांची बटणं, काचेच्या पट्टीवर छापलेली स्टेशनांची नावं. शेजारी चिठ्ठी: ‘व्हिंटेज, फुली रिस्टोअर्ड’. बटण फिरवलं की पट्टीमागे दिवा लागतो, मोबाइल जोडला की गाणं वाजतं. काटा मात्र कुठल्याच स्टेशनावर जात नाही. आतले व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, गँग कंडेन्सर आणि हे सगळं ज्यावर बसवलेलं होतं ते पत्र्याचं चासिस केव्हाच भंगारात गेलेलं असतं. त्यांच्या जागी तळहाताएवढं ब्लूटूथचं बोर्ड आणि दोन स्वस्त स्पीकर. रेडिओग्रामचंही हेच होतं. त्यातली तबकडी फिरवणारी यंत्रणा उपटून तिथे बाटल्या ठेवायची सोय करतात.

माझा पहिला आक्षेप शब्दाला आहे. भाषांतर हे माझं काम असल्यामुळे चुकीच्या जागी बसवलेला शब्द मला खुपतो. इंग्रजीतल्या ‘रिस्टोअर’ला मराठीत किमान तीन शब्द आहेत: दुरुस्ती, डागडुजी आणि जीर्णोद्धार. पहिल्या दोघांत बिघडलेलं पुन्हा चालतं करणं आहे, तिसऱ्यात जीर्ण झालेल्याला वर काढणं आहे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली काळ्या दगडाच्या देवळांना चकचकीत ऑइलपेंट फासलेला आपण पाहिला आहे, त्यावर हळहळलोही आहोत. पण तिथे निदान गाभाऱ्यातला देव जागेवर असतो. इथे आधी देव बाहेर काढतात आणि मग कळस रंगवतात.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: ‘नाहीतरी ते भंगारातच जाणार होतं, आम्ही पेटी तरी वाचवली.’ ऐकायला हे समंजस वाटतं, पण बहुतेक वेळा ते खरं नसतं. चाळीस-पन्नास वर्षं माळ्यावर पडलेला रेडिओ किंवा अ‍ॅम्प्लिफायर मुका असतो, तेव्हा तो मेलेलाच असतो असं नाही. आधी नासतात ते कंडेन्सर. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून सुकतात, मेणकागदाचे गळू लागतात. रबर कडक होतं, स्विचच्या संपर्कांवर काट चढतो. ट्रान्सफॉर्मर मात्र अनेकदा धडधाकट असतो, आणि व्हॉल्व्हही पुष्कळदा चांगले निघतात. जाणता मेकॅनिक असं यंत्र थेट २३० व्होल्टला कधीच लावत नाही. तो १०० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये जोडतो. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि यंत्र वाचतं. मग एकेक कंडेन्सर बदलत, व्होल्टेज मोजत तो पुढे सरकतो. सुट्या भागांचा खर्च सहसा फार नसतो. खर्च होतो तो वेळ, आणि लागते ती जाण.

खरी गोम इथेच आहे. पोट रिकामं करून ब्लूटूथ बसवायला एक दुपार पुरते आणि ते काम कालच शिकलेला पोरगाही करू शकतो. दुरुस्तीला दिवस लागतात आणि सर्किट वाचता येणारा माणूस लागतो. त्यात काढलेल्या व्हॉल्व्हना वेगळं गिऱ्हाईक मिळतं. पेटी ‘वाचवण्या’मागे दया कमी आणि हिशेब जास्त आहे. हिशेबालाही माझा विरोध नाही, दुकान चालवणाऱ्याला तो करावाच लागतो. त्याला वारसा म्हणण्याला मात्र आहे.

दुसरी छावणी मला तितकीच अमान्य आहे: ‘ऑल ओरिजिनल, अनटच्ड’वाल्यांची. सत्तरच्या दशकातला सान्सुई किंवा मरँट्झ अ‍ॅम्प, आत एकही डाग नव्याने न लागलेला, म्हणून दाम दुप्पट. हे लोक मूळ कंडेन्सरला ताईतासारखं जपतात. पण व्हॉल्व्हच्या यंत्रात दोन टप्प्यांमधला कंडेन्सर गळू लागला की पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको तो व्होल्टेज जातो आणि तो व्हॉल्व्ह तापून मरतो. ट्रान्झिस्टरच्या अनेक अ‍ॅम्पमध्ये शेवटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की डीसी थेट स्पीकरमध्ये उतरतो आणि कॉइल जळते. म्हणजे मूळपण जपता जपता मूळ वस्तूच जाते. शिवाय जपानच्या देशी बाजारासाठी बनलेलं यंत्र १०० व्होल्टचं असतं. ‘अनटच्ड’ म्हणून ते तसंच आपल्या भिंतीतल्या प्लगला लावलं, तर जपण्यासारखं काही उरत नाही.

निष्ठा कशाशी, हा प्रश्न आमच्या धंद्यात रोजचा आहे. भाषांतरात मूळचे जवळजवळ सगळेच शब्द जातात, तरीही ते मुळाशी इमान राखू शकतं, कारण शब्द ज्या कामासाठी तिथे होते ते काम नव्या शब्दांनी चालू राहतं. एकही शब्द बदलू नका म्हणणाऱ्याला ते पुस्तक वाचलं जायलाच नको असतं. मुखपृष्ठ आणि लेखकाचा फोटो ठेवून आत भलताच मजकूर भरणाऱ्याला पुस्तकाशी कर्तव्य नसतं, त्याला फक्त फडताळ सजवायचं असतं. यंत्राचंही तसंच आहे. त्याचा मजकूर म्हणजे त्याचं सर्किट. त्यातला नासलेला भाग त्याच मापाच्या नव्या भागाने बदलला तर यंत्र तेच राहतं. सर्किटच फेकलं तर पेटीवर कोणाचंही नाव असो, ते यंत्र संपलं.

‘एवढा जीव कशाला काढायचा, सगळं तर नेटवर आहे,’ असंही ऐकायला मिळतं. पण नेटवर जे आहे ते कोणीतरी, कुठेतरी, नीट केलेल्या यंत्रावर तबकडी लावून उतरवलेलं आहे, आणि सगळं तर मुळीच उतरलेलं नाही. १९०२ साली फ्रेड गेसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचा आवाज मुद्रित केला. पुढे आपल्या कितीतरी भाषांतली गाणी, नाट्यपदं, कीर्तनं, नकला लाखेच्या तबकड्यांवर निघाल्या. त्यांतल्या पुष्कळ पुन्हा कधीच निघाल्या नाहीत. त्या ऐकायच्या तर ७८ ची रुंद खाच वाचणारी जाड सुई लागते. एलपीची बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखरच जास्त ऐकवते. वेगही जुळवता यावा लागतो, कारण सुरुवातीच्या सगळ्याच तबकड्या नेमक्या ७८ च्या नव्हत्या. वेग साधारण सहा टक्के चढला की पांढरी एकमध्ये गाणारी बाई काळी एकमध्ये गाऊ लागते. आणि आपण तिच्या पट्टीवर निबंध लिहितो! तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्ही पाठभेदांवर तासन् तास घालवले. आवाजालाही पाठभेद असतो, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

हे सगळं ज्यांच्या हातात आहे ती माणसं थोडी उरली आहेत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, कलकत्त्याचं चांदनी मार्केट, दिल्लीचं लजपतराय मार्केट इथल्या पोटमाळ्यांवर सोल्डरच्या धुरात बसलेले काका, दादा, चाचा. विकताना चिठ्ठीवर ब्रँडचं नाव येतं, साल येतं, लाकडाची जात येते. ज्याच्या हाताने यंत्र बोलतं झालं त्याचं नाव येत नाही. भाषांतरकाराचं नाव मुखपृष्ठावर यावं म्हणून आम्ही भांडतो. यांच्यासाठी भांडायला कोणी नाही. गौहरजान गाणं संपताना स्वतःचं नाव सांगायची. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि लेबल कोणाचं लावायचं ते तिथल्यांना कळावं म्हणून ही प्रथा पडली, असं सांगतात. सोय म्हणून का होईना, नाव टिकलं.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. आतून रिकाम्या केलेल्या पेटीला ‘रेडिओच्या आकाराचा स्पीकर’ म्हणा आणि त्याच भावाने विका. दुरुस्त केलेल्या यंत्रासोबत काय काढलं, काय घातलं, याची यादी द्या. खाली दुरुस्त करणाऱ्याचं नाव आणि तारीख. त्याची मजुरी पॉलिशवाल्याच्या मजुरीपेक्षा कमी असेल तर ते यंत्र दुरुस्त झालंय यावर मी विश्वास ठेवणार नाही. आणि घेणाऱ्यांनो, चोरबाजारात असा की वातानुकूलित दालनात, पुढून फोटो काढण्याआधी पेटी भिंतीपासून ओढा आणि मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा. दुकानदार कां-कूं करू लागला तर पैसे खिशातच ठेवा.