मागूनही देखणं

जेवणाच्या टेबलावरचा रुमाल उलटसुलट होणारच, म्हणून त्यावरचं भरतकाम मागूनही देखणं हवं. हान्स होल्बाइनने १५३६च्या सुमारास रंगवलेल्या राणी जेन सेमूरच्या चित्रात, बाहीच्या कफांवर, पांढऱ्या लिननवर काळ्या रेशमाचं असंच काम दिसतं. त्या चित्रकाराच्याच नावाने ओळखला जाणारा हा टाका विणीचे धागे मोजून घालतात: जाताना साधा धावदोरा, परतताना मधल्या रिकाम्या जागा भरायच्या. गाठ कुठेच दिसत नाही. आपल्या इरकलीवर शोभणाऱ्या कसुतीतली गवंती म्हणजे हाच टाका! छापील नक्षीवर सुई फिरवण्यापेक्षा हे मोजणं मला फार मोलाचं वाटतं. लिनन मात्र उभे-आडवे धागे सारखे असलेलंच घ्या, नाहीतर चौकोन लांबट होतात.