पंढरपूर कॉरिडॉर: वाडे पडले तर दिंड्या उतरणार कुठं?

पंढरपूरच्या कॉरिडॉरचा विषय निघाला की 'तो व्यापाऱ्यांचा आणि सरकारचा वाद' म्हणून खेड्यातली माणसं पुढं जातात. पण देवळाभोवतीचे वाडे, मठ, धर्मशाळा पाडायची वेळ आली तर त्याची झळ चालत येणाऱ्या गावांनाही बसणार आहे.

अनेक गावांच्या दिंड्या पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाड्यात किंवा मठात उतरतात. घरमालक दिंडीतल्या माणसांना नावानं ओळखतो. सामानाला कोपरा, स्वयंपाकाला अंगण, रात्री भजनाला ओसरी मिळते. पैशाचं फार बोलणं होत नाही. त्या जागी रुंद रस्ता आणि लॉज आले, तर तिथलं भाडं शेतमजुराला परवडेल का?

गर्दीचा प्रश्न खोटा नाही. आषाढीला दर्शनाची रांग गोपाळपूरपर्यंत जाते, अरुंद बोळात चेंगराचेंगरीची भीती असते. सरकारचा मुद्दा हाच, आणि समोर उदाहरण ठेवलं जातंय काशीचं. डिसेंबर २०२१ मध्ये खुल्या झालेल्या त्या कॉरिडॉरसाठी सुमारे ३०० मालमत्ता घेतल्या गेल्या. पण पंढरीची खरी कसोटी असते चार वाऱ्यांना, त्यातही आषाढी-कार्तिकीला. चंद्रभागेपलीकडं ६५ एकरांचा तळ उभा राहिला आणि वाळवंटातला बराच मुक्काम तिकडं हलला, तोही गावातल्या वाड्यांना हात न लावता. हा मार्ग आणखी का वाढवत नाहीत, याचं नीट उत्तर मिळालेलं नाही.

गंमत अशी, की २०२४ मध्ये याच मंदिराचं मूळ दगडी रूप परत आणायला सरकारनं कोट्यवधी खर्च केले. आत जुनं जपायचं आणि दाराबाहेरचं जुनं पाडायचं, हे कसं?

पंढरपूरकरांचा संशय उगाच नाही. १९८० च्या दशकातही रस्ता रुंदीकरणात घरं पडली होती. आता नुसत्या आश्वासनावर कोणी गप्प बसत नाही, लोक कागद मागतात.

कागदाचं बघितलं तर २०१३ च्या भूसंपादन कायद्यात घरमालकाबरोबर तीन वर्षांपासून राहणारा भाडेकरू किंवा त्या जागेवर पोट असणारा दुकानदारही बाधित धरला जातो. सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणीचीही तरतूद आहे. मात्र २०१८ च्या दुरुस्तीनं राज्य सरकार काही प्रकल्पांना त्यातून सूट देऊ शकतं. आणि वर्षातून आठ-दहा दिवस उतरणारी दिंडी? ती मालक नाही, भाडेकरूही नाही. तिच्यासाठी रकानाच नाही.

होळकर वाडा, शिंदे वाडा ही मोठी नावं निदान चर्चेत तरी येतात. गावोगावच्या वर्गणीतून उभे राहिलेले लहान मठ कोण मोजणार? अशा मठाचा सिटी सर्व्हेचा उतारा ट्रस्टच्या नावावर आहे, की वारलेल्या एखाद्या महाराजांच्या, हे दिंडीवाल्यांनी नोटीस यायच्या आधीच बघून ठेवलेलं बरं.