चाकरी सोडली, जमीन नव्हे

धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांना गावातील जाणती म्हणविणारी मंडळी हटकून विचारतात : "गावकी सोडलीत, धर्म सोडलात, मग वतनाच्या जमिनीवर हक्क कसला?" सारोळ्याच्या वाचकाने याचे उत्तर दूर शोधू नये. ते त्याच्याच भोर तालुक्यात, कारी गावी आहे.

कारीचे कान्होजी जेधे हे रोहिडखोऱ्याचे देशमुख. त्यांचे वडील नाईकजी यांचा खून भावांनीच केला, तोही देशमुखीसाठी. तान्ह्या कान्होजीस देवजी महाला याने वाचविले, असे घराण्याची कथा सांगते. (ज्याच्या वाट्याला देशमुखीतील कवडी येणार नव्हती, त्याने देशमुख वाचविला!) पुढे मोसेखोऱ्याच्या बाजी पासलकरांनी त्यांस आपली कन्या दिली. १६५९ साली अफजलखान चालून आला, तेव्हा त्यास सामील होण्याचे आदिलशाही फर्मान कान्होजींस आले. उत्रौलीचे खंडोजी खोपडे खानास मिळाले. कान्होजी मात्र पाच पुत्रांसह शिवाजी महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडले.

यास सारा महाराष्ट्र स्वाभिमान म्हणतो. मग वेसकराची काठी टाकणारा तेवढा कृतघ्न कसा? देशमुखाच्या वतनात मान होता, महसुलाचा वाटा होता. महाराच्या वतनात तुटपुंजी जमीन आणि रात्रंदिवस हुकमाची चाकरी! हे जोखड सैल व्हावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले होते.

आणखी एक गोष्ट वकील या नात्याने सांगतो. कान्होजींनी बादशाहाची चाकरी सोडली, तरी देशमुखी जेधे घराण्यातच चालली. आपणही चाकरीच सोडली आहे. देशमुखी वतने १९५० च्या कायद्याने गेली, तेव्हा रक्कम भरून जमीन परत मिळविण्याची मुभा त्यांस होती. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने नष्ट झाली, तेव्हा आपणांसही आकाराच्या तिप्पट रक्कम भरून जमीन परत मिळण्याची तरतूद झाली. तीत धर्माची अट नाही. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. म्हणून मुलीचा वाटा 'ती सासरी गेली' म्हणून बुडवू नका.

त्याच १९५८ च्या कायद्याने ही जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून विकण्यास मनाई केली. तेव्हा कोणी विसाराची रक्कम पुढे केली, तर सहीपूर्वी सातबारा उतारा काढा आणि त्यावरील शर्तीचा शेरा घरातील शिकल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या.