पाच आयत आणि चाळीस तास

मागच्या अंकात आपण जाळीची टोपी विणली. त्यानंतर जळगाव-धुळ्याच्या भगिनींकडून एकच मागणी आली, "आपा, आता अंगात घालण्यासारखे काहीतरी सांगा." आमच्या नववीच्या मुलींची फर्माईश तर अगदी नेमकी होती. समोरून उघडे कार्डिगन, वीण उठावदार आणि बाह्या फुग्याच्या. कार्डिगन टोपीपेक्षा सोपे आहे, असे आम्ही म्हणालो तेव्हा मुलींना हसू आले. पण ते खरे आहे. टोपी गोल असते, फेरीत टाके वाढवावे लागतात. या कार्डिगनचे मोठे भाग पाच, आणि पाचही साधे आयत. कुठे टाका वाढवायचा नाही, कुठे घटवायचा नाही. साखळी, मुका खांब आणि खांब एवढे तीन टाके आले की पुरे.

खानदेशच्या हवेला कार्डिगनच योग्य. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा एक आकडी होतो. सकाळच्या शाळेला निघालेली मुले कुडकुडत येतात, आणि अकरा वाजले की तेच ऊन पाठीला चटका देते. डोक्यातून घालायचा स्वेटर वर्गात काढता येत नाही, कार्डिगन काढता येते. ते कमीजवर सैल बसते आणि लांब बाहीने हात झाकलेले राहतात. मनगटाची पट्टी मात्र अशी हवी की वुजूच्या वेळी ती कोपराच्या वर सहज सरकावी. ते माप पुढे येईलच.

साहित्य

मध्यम जाडीची अ‍ॅक्रिलिक लोकर आणि ५ मिलिमीटरची क्रोशाची सुई घ्या. आपला मुलूख कापसाचा, म्हणून सुती दोरा घ्यावासा वाटतो. पण जाड सुती दोऱ्याचे कार्डिगन वजनदार होते आणि धुतल्यावर खाली लोंबते. अ‍ॅक्रिलिक हलके, उबदार आणि घरी धुता येण्यासारखे असते. गडद रंगात टाके दिसत नाहीत, म्हणून पहिल्या कार्डिगनला फिकट रंग निवडा. शिवाय मोठ्या नेढ्याची सुई, कात्री, टेप आणि पाच-सहा सेफ्टी पिना जवळ ठेवा.

लोकर जळगावच्या फुले मार्केटमधून आणा की धुळ्याच्या आग्रा रोडवरून, सगळी एकाच वेळी आणि एकाच लॉटची आणा. वेगळ्या लॉटच्या रंगात थोडा फरक पडतो, आणि तो नेमका पाठीवर दिसतो. पण त्याआधी एकच गुंडी आणून नमुना विणा. किती लोकर लागेल ते हा नमुनाच सांगेल.

वीण

मुक्या खांबासाठी सुई टाक्यात घालून दोरा ओढून घ्या. सुईवर दोन फास होतील. पुन्हा दोरा घेऊन तो दोन्हींतून काढा. खांबासाठी आधी सुईवर दोऱ्याचा वेढा घ्या, मग टाक्यात घालून दोरा ओढा. तीन फास होतील. दोरा घेऊन दोनांतून काढा, पुन्हा घेऊन उरलेल्या दोनांतून काढा.

आता उठावदार वीण. टाक्यांची संख्या नेहमी सम ठेवा. पहिल्या ओळीत एक मुका खांब, एक खांब, असे शेवटपर्यंत विणा. ओळ खांबाने संपेल. एक साखळी घालून वळा. दुसऱ्या ओळीत मुक्या खांबावर खांब आणि खांबावर मुका खांब. प्रत्येक ओळ मुक्या खांबाने सुरू होते आणि खांबाने संपते. बुटका टाका उंच टाक्यावर आणि उंच टाका बुटक्यावर येत गेला की कापडावर बारीक दाणे उमटतात. एवढीच युक्ती. ही वीण दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, म्हणून उलट-सुलट लक्षात ठेवावे लागत नाही.

नवशिक्या हाताने शेवटचा टाका हमखास सुटतो. दर ओळीला एक टाका कमी होत जातो आणि आयताचा समलंब चौकोन होतो. उपाय सोपा आहे. ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा, आणि पहिल्या दहा ओळी दर वेळी टाके मोजा.

नमुना ८ इंच लांब आणि ८ इंच रुंद विणा. या जाडीच्या लोकरीत ४ इंचांत साधारण १४ टाके बसतात, म्हणजे इंचाला साडेतीन. तुमचा हात घट्ट असेल तर जास्त बसतील, सैल असेल तर कमी. आपल्या हाताचा आकडा काढा आणि खालची मापे त्याने गुणा. हिशेब विषम आला तर एक टाका वाढवून सम करा.

पाच आयत

ही मापे छाती ३६ इंच असलेल्या मुलीची, सैल बसण्याच्या हिशेबाने.

पाठ २२ इंच रुंद, २२ इंच उंच. साडेतीनने गुणल्यास ७७ टाके येतात, आपण ७८ घेऊ. त्यासाठी ७९ साखळ्या घालून सुईपासून दुसऱ्या साखळीत सुरुवात करा.

पुढचे दोन भाग प्रत्येकी १० इंच रुंद, २२ इंच उंच. ३५ टाके येतात, ३६ घ्या.

बाह्या दोन, प्रत्येकी २० इंच रुंद, १६ इंच लांब. टाके ७०.

बाहीची रुंदी पाहून भगिनी घाबरतात. पण फुगा त्या रुंदीतच आहे. आपल्या जुन्या फुग्याच्या बाहीच्या ब्लाऊजमध्ये कापड दंडावर चुणले जायचे, इथे ते मनगटावर चुणले जाईल.

मनगटाच्या दोन पट्ट्या वेगळ्या विणा. ११ साखळ्या घालून १० मुके खांब विणा. पुढच्या प्रत्येक ओळीत टाक्याच्या फक्त मागच्या दोऱ्यात सुई घाला. त्यामुळे कापडाला सऱ्या पडतात आणि ते रबरासारखे ताणले जाते. ही सऱ्यांची पट्टी न ताणता ८ इंच झाली की थांबा. आता ती हाताभोवती धरून कोपरापर्यंत सरकवून पाहा. अडकत असेल तर दोन-चार ओळी वाढवा. वुजूसाठी बाही वर न जाणारे कार्डिगन कपाटातच पडून राहते.

जोडणी

पाठ सपाट पसरा. पुढचे दोन्ही भाग तिच्यावर बाहेरच्या कडा जुळवून ठेवा. खांद्याची शिवण बाहेरून आत साडेसात इंचच घाला. पाठीवर मध्ये ७ इंचांचा गळा राहतो. पुढच्या भागांचे अडीच-अडीच इंच मोकळे राहतात, ते मागे वळून कॉलरसारखे बसतात. खांद्यापासून खाली १० इंचांवर पिन लावा. बाहीची २० इंचांची कड या दोन पिनांच्या मध्ये बसेल, १० इंच पुढे आणि १० इंच मागे. बाही आधी जोडा, मग बाहीची आणि कुशीची शिवण एका दमात घाला. कुशीला १२ इंच उरतात.

आता फुगा. मनगटाकडच्या कडेतून दोरा ओवा आणि ओढून ती कड पट्टीएवढी करा. पट्टीची दोन टोके जोडून गोल करा, बाही आणि पट्टी या दोन्हींचे चार-चार सारखे भाग करून पिना लावा आणि मग शिवा. पिना लावल्या नाहीत तर सगळ्या चुण्या एका बाजूला गोळा होतात. शेवटी पुढच्या कडांना आणि गळ्याला मुक्या खांबाच्या तीन ओळी फिरवा. बटणे नसली तरी चालते.

तासांचा हिशेब

नमुना विणून झाला की तो तराजूवर ठेवा. पाचही आयतांचे क्षेत्रफळ मिळून १५६४ चौरस इंच भरते, आणि नमुना ६४ चौरस इंचांचा. म्हणजे कार्डिगन साधारण साडेचोवीस नमुन्यांएवढे. नमुना २८ ग्रॅम भरला तर आयतांना ६८६ ग्रॅम लोकर लागेल. पट्ट्या, कडा आणि शिवण धरून ७५० ग्रॅम आणावी.

हीच रीत वेळेलाही लावा. नमुना सुरू करताना घड्याळ पाहा, संपताना पाहा. सवा तास लागला असेल तर पाच आयतांना साडेतीस तास लागतील. पट्ट्या, जोडणी आणि कडा यांचे आठ-नऊ तास धरले की बेरीज चाळिसाच्या आसपास जाते. हा आकडा वहीत लिहा. लोकरीचे वजन सगळ्या भगिनी विचारतात, तासांचे कोणी विचारत नाही.

धुळ्यात आणि मालेगावात पॉवरलूमचा खडखडाट ज्यांनी ऐकला आहे त्यांना कापड मीटरने कसे निघते ते सांगायला नको. दोन सुयांवरचे विणकामही यंत्राने केव्हाच उचलले. थंडीत रस्त्याकडेला विकायला येतात ते बहुतेक स्वेटर यंत्रावरचेच. क्रोशाचे तसे झालेले नाही. दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे फास सुयांवर रांगेने उभे असतात, यंत्राला ते धरता येतात. क्रोशात सुईवर एकच फास जिवंत असतो, आणि सुई झालेल्या कापडात कुठेही, कोणत्याही बाजूने शिरते. म्हणून यंत्रावरची क्रोशासारखी दिसणारी जाळी बाजारात मिळते, पण खऱ्या क्रोशाचा माल आजही हातानेच होतो. मोठ्या शहरातल्या झगमगत्या दुकानात क्रोशाचे कपडे स्वस्तात टांगलेले दिसले तर एवढे समजावे की ते कोणाच्या तरी हाताने झाले आहेत, आणि ते तास त्या हातांनी सोसले आहेत.

आमच्या ओळखीच्या एक भाभी आहेत. त्यांचे शौहर पॉवरलूमवर काम करतात. शौहरच्या कामाचा मीटरचा भाव भाभींना तोंडपाठ आहे. कोणत्या आठवड्यात लाईट गेली आणि मजुरी किती बुडाली तेही त्या सांगतात. त्या स्वतः एका दुकानदाराला क्रोशाची कार्डिगन विणून देतात. लोकर त्याची, मजुरी नगाला ६०० रुपये. एका नगाला किती तास लागतात असे आम्ही विचारले, तर त्या म्हणाल्या, "अहो आपा, ते काय मोजायचे? स्वयंपाक झाल्यावर बसते, मुले झोपली की बसते." आम्ही त्यांना शाळेची एक कोरी वही दिली. अर्धा तास झाला की एक उभी रेघ. कार्डिगन पूर्ण झाले तेव्हा ८६ रेघा भरल्या होत्या. ४३ तास, म्हणजे तासाला चौदा रुपयेही नाहीत. भाभी बराच वेळ वही पाहत राहिल्या.

हे आपल्याच मोहल्ल्यात घडते असे नाही. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणारी गोदावरी आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते, तिथे नरसापूर नावाचे गाव आहे. १९व्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे ती लेस परदेशात जाऊ लागली आणि व्यापारी मोठे झाले. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथे राहून अभ्यास केला आणि १९८२ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. त्यांनी दाखवले की या बायका दिवसाचे कित्येक तास विणत होत्या, पण त्यांना कोणी कामगार म्हणत नव्हते. त्या गृहिणी, आणि त्यांचे काम म्हणजे रिकाम्या वेळेचा उद्योग, असेच सगळे समजत. जे काम रिकाम्या वेळेचे ठरते, त्याला रिकाम्या वेळेचाच भाव मिळतो. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये मिळाले तेच. नाव झाले, ही खुशीची गोष्ट. पण मानांकनाने बाईचे तास मोजले जात नाहीत. ते तिने स्वतःच मोजावे लागतात.

मजुराची मजुरी वेळेवर आणि पुरी द्यावी, हे आपल्या घरांत लहानपणापासून शिकवले जाते. मजूर आपलीच भाभी किंवा भाची असली की मात्र आपण म्हणतो, "घरातच तर बसली आहेस, मलाही एक विणून दे." हदिया म्हणून दिलेल्या वस्तूची किंमत कोणी करू नये. मुलीने खालासाठी प्रेमाने कार्डिगन विणले तर ते तसेच द्यावे. पण खालालाही ठाऊक असावे की तिच्या अंगावर भाचीचे चाळीस तास आहेत. आणि विकायचे असेल तर तासाला ५० रुपये धरले तरी मजुरीचे २००० होतात, लोकर वेगळी. एवढे कोणी देणार नाही, असे काही भगिनी म्हणतील. प्रत्येक जण देणार नाहीच. भाभींनी दुकानदाराला वही दाखवून भाव वाढवून मागितला, त्याने नकार दिला. आता त्या त्याच्यासाठी फक्त टोप्या विणतात. कार्डिगन ओळखीच्यांच्या मागणीवरूनच घेतात, लोकर गिऱ्हाइकाची. या थंडीत अशी दोनच कामे आली. पैसे आधीपेक्षा फार वाढलेले नाहीत, रात्रीचे जागरण मात्र कमी झाले आहे. आणि त्यांच्या थोरल्या मुलीने आईची वही पाहून आपली वेगळी वही सुरू केली आहे.

नववीच्या मुलींनाही आम्ही कार्यानुभवाच्या तासाला तेच सांगितले. सुई, लोकर आणि टेप यांच्याबरोबर एक वही. पहिल्या पानावर टाके, दुसऱ्यावर ग्रॅम, तिसऱ्यावर तास. परीक्षा जवळ आली की सुई बाजूला, हेही सांगितले. चाळीस तास दोन महिन्यांत पसरले तर दिवसाला चाळीस मिनिटे येतात, आणि त्यात अभ्यास बुडत नाही.

पुढच्या अंकात याच विणीचा लहान मुलांचा सदरा पाहू. तोपर्यंत आठ इंचांचा नमुना विणून ठेवा, आणि तो विणायला किती वेळ लागला तेही लिहून ठेवा.